डिस्क टू : एका ड्राइव्हाचा जन्म आणि जीर्णोद्धार

यंत्र जुनें झालें म्हणजे तें मोडींत निघावयाचें, ही जगाची सामान्य रीत होय. परंतु कांहीं यंत्रें अशीं असतात कीं, तीं मोडींत काढलीं म्हणजे त्यांच्याबरोबर एक वाङ्मयच मुकें होऊन जातें. मोडी कागद वाळवीनें अर्धा खाल्ला असला तरी उरलेला अर्धा डोळ्यांना दिसतो. त्याला फक्त मोडी जाणणारा मनुष्य पाहिजे. फ्लॉपीचें तसें नाहीं. ती उजेडांत धरली तर दिसते ती एक तपकिरी, गुळगुळीत चकती. तिच्यावर हिशेब आहे, खेळ आहे, कीं कांहींच नाहीं, हें तिचा ड्राइव्ह सांगेल तेव्हांच कळावयाचें. म्हणून चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वींचे ड्राइव्ह उघडून त्यांची डागडुजी करीत बसणाऱ्यांना नुसते छांदिष्ट म्हणून सोडून देणें बरोबर होणार नाहीं. ॲपल कंपनीच्या ‘डिस्क टू’ या ड्राइव्हाचें चरित्र या दृष्टीनें मोठें उद्बोधक आहे. कारण त्याचा जन्म ज्या काटकसरींत झाला तिच्यांतच त्याचीं दुखणींहि आहेत आणि त्यांवरील औषधहि आहे.

ॲपल-टू हा संगणक १९७७ च्या जूनमध्यें बाजारांत आला. त्या वेळीं त्यावरील काम साठविण्याचें साधन म्हणजे घरांतला कॅसेट-रेकॉर्डर. प्रोग्रॅम शिट्यांच्या रूपानें फितीवर उतरावयाचा आणि आवाजाची पट्टी नेमकी जुळली तर परत यावयाचा. तोहि सेकंदाला सुमारें १५०० बिट इतक्या मंद गतीनें. कंपनीचे एक चालक माईक मार्कुला यांना हा विलंब असह्य झाला, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरांत झालेल्या बैठकींत त्यांनीं करावयाच्या कामांच्या यादींत फ्लॉपी अगदीं वर घातली. जानेवारी १९७८ मध्यें लास व्हेगासला मोठें प्रदर्शन होतें. यंत्राचे कर्ते स्टीव्ह वॉझ्नियॅक यांनीं रँडी विगिंग्टन या तरुण सहकाऱ्याला बरोबर घेऊन नाताळची सुटी या कामांत घालविली. प्रदर्शनाच्या आदल्या रात्रीं काम साधलें, आणि आतां एक प्रत काढून ठेवावी म्हणून त्यांनीं नक्कल केली. तों नक्कल उलटी होऊन कोऱ्या फ्लॉपीचा कोरेपणा भरलेल्या फ्लॉपीवर उतरला! वॉझ्नियॅक यांनीं सारें पुन्हां आठवणीनें लिहून काढलें. नक्कल काढतांना मूळ फ्लॉपी आधीं कुलुपबंद करावी हा या धंद्यांतला पहिला नियम; त्याचा पहिला बळी खुद्द जन्मदात्याच्याच हातून पडावा, हा योगायोग चमत्कारिक खरा.

ड्राइव्हाचा सांगाडा मात्र त्यांचा नव्हता. शुगार्ट असोसिएट्स या कंपनीनें १९७६ सालीं सव्वापांच इंची फ्लॉपीचा ‘एसए-४००’ हा ड्राइव्ह काढला होता. वॉझ्नियॅक यांनीं त्याच्यावरील बरेचसें इलेक्ट्रॉनिक काम अनावश्यक ठरवून तें काढून टाकविलें आणि नुसती यांत्रिक चौकट घेतली. नियंत्रणाचें जें कार्ड संगणकांत बसावयाचें तें त्यांनीं अवघ्या आठ चिपांवर भागविलें. इतर कारखानदार जें काम तारांकडून व चिपांकडून करून घेत, तें येथें प्रोग्रॅमकडे सोंपविलें गेलें. फ्लॉपीच्या मध्याजवळ फेऱ्याचा आरंभ दाखविणारें बारीक छिद्र असतें. त्याच्याकडे पाहण्याची सोयच यांत ठेविली नाहीं. सर्वांत बाहेरच्या ट्रॅकवर हेड पोंचलें कीं नाहीं हें सांगणारा खटकाहि नाहीं. मग यंत्राला आपला ठाव कसा लागावा? तर सुरू होतांच हेड बाहेरच्या बाजूस चाळीस पावलें ढकलावयाचें. ट्रॅक आहेत पस्तीस. म्हणजे हेड कोठेंहि असलें तरी कडेच्या अडसरावर जाऊन आदळणारच. तो खडखडाट ऐकून नवा मनुष्य दचकतो व यंत्र बिघडलें असें समजतो. वस्तुतः हा खडखडाट निरोगीपणाची खूण आहे. तो ऐकूं आला नाहीं तरच चिंता करावी.

१९७८ च्या मध्यास हा ड्राइव्ह आरंभींच्या सवलतीनें ४९५ डॉलरला आणि पुढें ५९५ डॉलरला विकला जाऊं लागला. प्रत्येक ट्रॅकचे तेरा भाग व प्रत्येक भागांत २५६ बाइट, असा एका बाजूवर एकंदर ११६४८० बाइटांचा हिशेब होता. १९८० सालीं सांकेतिक लिपी सुधारून तेराचे सोळा भाग केले गेले आणि तोच आंकडा १४३३६० वर गेला. यासाठीं ड्राइव्हाचा एक स्क्रूसुद्धां हलवावा लागला नाहीं. कार्डावरील दोन चिपा बदलल्या व प्रोग्रॅम नवा दिला कीं झालें. काटकसरीचें इतकें रोख फळ यंत्रविद्येच्या इतिहासांत क्वचित् पाहावयास मिळेल.

आतां दुखण्यांकडे वळूं. ड्राइव्हापासून निघणारी चपटी पट्टी-तार वीस पिनांच्या कनेक्टरनें कार्डावर बसते. परंतु ती एकाच रीतीनें बसावी अशी खांच किंवा खुंटी तेथें नाहीं. घाईंत ती एक पिन बाजूस सरकून बसली आणि कळ दाबली, कीं १२ व्होल्टांचा प्रवाह भलत्याच वाटेनें जातो आणि ड्राइव्हांतील ७४एलएस१२५ ही चिप तत्काळ जळते. मुका झालेला डिस्क टू हातीं आला म्हणजे जाणते लोक प्रथम हिच्यावरच संशय घेतात, आणि बहुधा तो खरा ठरतो. सुदैवानें ही चिप अगदीं सामान्य असून आजहि थोडक्या पैशांत मिळते. सारें गुपित एखाद्या खास चिपेंत कोंडलेलें असतें, तर ती जळतांच ड्राइव्ह कायमचा निकामी झाला असता.

दुसरें दुखणें गतीचें. फ्लॉपीनें मिनिटाला ३०० फेरे घ्यावयाचे, म्हणजे एका फेऱ्यास २०० मिलिसेकंद. पट्टा सैल झाला, मोटरींतलें वंगण वाळलें, कीं ही गति ढळते. वाचतांना थोडी चूक खपून जाते. लिहितांना खपत नाहीं, कारण चकती वेगानें फिरली तर ट्रॅकचें शेपूट त्याच्याच तोंडावर चढतें. एसए-४०० च्या चाकावर यासाठीं रेघांचीं वर्तुळें असतात. ट्यूबलाइटचा प्रकाश डोळ्यांना अखंड वाटला तरी तो लुकलुकत असतो. त्या प्रकाशांत रेघा स्थिर भासल्या म्हणजे गति बरोबर. अमेरिकेंतील विजेच्या ६० आवर्तनांसाठीं एक वर्तुळ व आपल्याकडील ५० आवर्तनांसाठीं दुसरें. नव्या एलईडी दिव्यांपैकीं बरेच असे लुकलुकत नाहींत, त्यामुळें ही सुंदर युक्ति हळूहळू निरुपयोगी होत चालली आहे. आतां प्रोग्रॅमनेंच फेऱ्याचा काळ मोजतात आणि छोट्या पेंचकसानें मागल्या बोर्डावरचा स्क्रू हलकेच फिरवितात.

परंतु खरी कसोटी आहे ती क्रमाची. अनोळखी ड्राइव्हांत मोलाची फ्लॉपी कधींहि आधीं घालूं नये. प्रथम हेड अल्कोहोलनें पुसावें, मग सरकदांड्या स्वच्छ कराव्या, मग टाकाऊ फ्लॉपीनें परीक्षा घ्यावी, आणि खऱ्या फ्लॉपीच्या कडेच्या खांचेवर चिकटपट्टी लावून, लिहिण्याचा मार्ग बंद करून, मगच ती आंत सरकवावी. प्लास्टिकच्या पातळ चकतीवर लोहभस्माचा थर एका गोंदासारख्या द्रव्यानें धरलेला असतो. तें द्रव्य म्हातारें झालें किंवा त्यावर बुरशी चढली, कीं हेड थर खरवडून काढतें. आणि मळलेलें हेड मग पुढच्या निरोगी फ्लॉपीसहि ओरखडे पाडतें. चकतीवर चकचकीत पारदर्शक वर्तुळ दिसलें, कीं तेथील अक्षर कायमचें गेलें असें समजावें.

पुष्कळशा जुन्या फ्लॉप्यांना आणखी एक अडचण आहे, आणि ती माणसांनीं मुद्दाम उभी केलेली आहे. ड्राइव्ह सर्वस्वीं प्रोग्रॅमच्या आज्ञेंत असल्यामुळें विक्रेत्यांनीं नक्कल होऊं नये म्हणून चित्रविचित्र लेखन केलें : कोणी दोन ट्रॅकांच्या मध्येंच लिहिलें, कोणी भागांच्या खुणाच बदलल्या. त्या काळीं हीं कुलुपें फोडणारांस चोर म्हणत, आणि त्यांत अन्याय होता असें म्हणवत नाहीं. पण आज पाहावें तों त्या काळच्या कित्येक प्रोग्रॅमांची उरलेली प्रत तीच आहे, जी कोणी तरी कुलूप फोडून ठेविली. २००३ सालीं अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनें लुप्तप्राय साधनांवरील प्रोग्रॅमांपुरती अशा कृत्यास जतनासाठीं सूट दिली. ‘फोर एएम’ या टोपणनांवाच्या एका गृहस्थानें तर इंटरनेट आर्काइव्ह या संग्रहांत असे शेंकडों प्रोग्रॅम मोकळे करून ठेविले आहेत.

या खटाटोपाचें मोल केव्हां कळतें? ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा प्रसिद्ध खेळ जॉर्डन मेक्नर यांनीं ॲपल-टूवर रचला व तो १९८९ सालीं प्रसिद्ध झाला. त्याची मूळ संहिता हरवली असें ते स्वतःच समजत होते. २०१२ सालीं त्यांच्या वडिलांना घरांत एक खोकें सांपडलें. त्यांतील फ्लॉप्या साडेतीन इंची, म्हणजे डिस्क टूच्या नव्हेत, धाकट्या पिढीच्या होत्या. पण प्रश्न तोच. मेक्नर यांनीं त्या आपल्या हातानें कोणत्याहि ड्राइव्हांत न घालतां जेसन स्कॉट आणि टोनी डायझ या जाणकारांच्या स्वाधीन केल्या, आणि दोन दशकांहून अधिक काळ अंधारांत पडलेली संहिता जवळजवळ जशीच्या तशी बाहेर आली. एखाद्या उतावळ्यानें ती प्रथम कोणत्याशा मळक्या ड्राइव्हांत घातली असती तर काय झालें असतें, हें वाचकांनींच ताडावें.

अलीकडे फ्लॉपीवरचीं अक्षरें न वाचतां, तिच्यावरील चुंबकत्व केव्हां केव्हां पालटतें त्या क्षणांचीच नोंद घेणारीं उपकरणें निघालीं आहेत. कुलूप असो वा नसो, चकतीवर जें आहे तें सारें त्यांत उतरतें, आणि अर्थ मागाहून सावकाश लावतां येतो. मात्र चकती फिरविण्यासाठीं व तिच्यावरून हेड नेण्यासाठीं या नव्या उपकरणांनाहि जुनाच ड्राइव्ह जोडावा लागतो, आणि तोहि आधीं पुसलेला, तीनशे फेऱ्यांवर नीट लावलेला असावा लागतो.