‘माय बॉय जॅक’ : पितृशोकातील संमिश्र भावनांचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :
मुंबईत जन्मलेले रुड्यार्ड किपलिंग (१८६५–१९३६) हे ‘साम्राज्याचे कवी’ म्हणून ओळखले जातात. त्यांची ‘माय बॉय जॅक’ ही कविता ऑक्टोबर १९१६ मध्ये जटलंडच्या नाविक युद्धावरील त्यांच्या लेखांसोबत प्रसिद्ध झाली. काही अभ्यासक तिला नौसैनिकांचे शोकगीत मानतात, तर काही कवीच्या पुत्रवियोगाचा उद्गार. प्रस्तुत लेखात या कवितेतील दुःख, अभिमान आणि अपराधभाव यांचा तत्कालीन घटनांच्या आधारे विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
किपलिंग यांचे एकुलते एक पुत्र जॉन यांचा जन्म १८९७ मध्ये झाला. दृष्टी अत्यंत अधू असल्याने सैन्यभरतीत ते अपात्र ठरले. तेव्हा किपलिंग यांनी आपले स्नेही लॉर्ड रॉबर्ट्स यांच्याकडे शब्द टाकला आणि जॉन यांना आयरिश गार्ड्समध्ये अधिकारपद मिळाले. अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी आघाडीवर जाण्यास लागणारी पालकाची संमतीही पित्यानेच दिली. २७ सप्टेंबर १९१५ रोजी लूसच्या लढाईत जॉन बेपत्ता झाले. त्या वेळी त्यांचा मृतदेह मिळाला नाही. त्यानंतर किपलिंग दांपत्य जखमी होऊन परतलेल्या सैनिकांकडे मुलाची विचारपूस करीत राहिले.

कवितेतील संमिश्र भावना :
कवितेची रचना प्रश्नोत्तररूप आहे. पालक आपल्या मुलाची वार्ता विचारतो आणि प्रत्येक वेळी नकार ऐकतो. कवितेतील मुलगा समुद्रात बुडालेला आहे, तर जॉन भूमीवरील लढाईत नाहीसे झाले होते. तथापि, पुन्हा पुन्हा वार्ता विचारण्याची ही रीत किपलिंग यांच्या घरातील प्रतीक्षेशी जुळते. अखेरीस पालकास मान ताठ ठेवण्यास सांगितले जाते. मुलाने कुळाला कमीपणा आणला नाही, एवढेच सांत्वन त्याच्या वाट्यास येते.

येथे दोन बाबी लक्षणीय वाटतात. पहिली म्हणजे, शेवटच्या ओळींत संबोधन मुलास जन्म देणाऱ्या व्यक्तीस, म्हणजे मातेस आहे. पिता कवितेत स्वतःच्या नावाने बोलत नाही. दुसरी म्हणजे, मुलाला वारा व भरती यांच्या स्वाधीन पालकानेच केले, असे तेथे म्हटले आहे. वरवर पाहता हा त्यागाचा गौरव आहे. परंतु शब्द टाकून आणि संमती देऊन मुलास धाडणाऱ्या पित्याच्या लेखणीतून तो उतरतो, तेव्हा त्यातच कबुलीही ऐकू येते. अभिमान आणि अपराधभाव या ठिकाणी एकाच क्रियेतून उद्भवतात.

उत्तरकालीन लेखन :
१९१९ च्या ‘एपिटाफ्स ऑफ द वॉर’मधील एका द्विपदीत तरुणांच्या मृत्यूचा दोष पित्यांच्या असत्यावर ठेवला आहे. १९२३ मध्ये किपलिंग यांनी आयरिश गार्ड्सचा द्विखंडात्मक इतिहास प्रसिद्ध केला. त्यात स्वतःच्या मुलाचा निर्देश मात्र इतर अधिकाऱ्यांसमवेत, अगदी त्रोटक आहे. युद्धस्मशानांची व्यवस्था पाहणाऱ्या इम्पीरियल वॉर ग्रेव्हज कमिशनचे कार्यही त्यांनी आयुष्याच्या अखेरपर्यंत केले.

निष्कर्ष :
या कवितेस केवळ साम्राज्यनिष्ठेची अथवा केवळ पश्चात्तापाची कविता म्हणणे एकांगी ठरेल. मुलाचा मृत्यू निरर्थक मानला तर पित्यास स्वतःचा निर्णय सोसवत नाही. तो सार्थ मानला तरी दुःख शमत नाही. या कोंडीतूनच कवितेतील संमिश्र भाव निर्माण झाला आहे. म्हणूनच युद्धकालीन कुटुंबाच्या मनःस्थितीचे साधन म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाने तिची दखल घेणे आवश्यक आहे.