रक्त गोठण्याचा हिशेब

आष्टीचे नाव इतिहासाच्या पुस्तकात येते ते १९४२ च्या ऑगस्टसाठी. मी इथे दुसराच इतिहास सांगणार आहे: रक्त किती वेळात गोठते हे मोजण्याचा. आष्टीतल्या हृदयरुग्णाचा जीव त्यावर टांगलेला असतो.

ही गोष्ट गोठ्यात सुरू होते. १९२० च्या दशकात कॅनडा आणि उत्तर अमेरिकेत बुरशी लागलेला एक चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. १९३३ साली विस्कॉन्सिनमधला शेतकरी एड कार्लसन मेलेली कालवड आणि न गोठलेल्या रक्ताचा कॅन घेऊन बर्फवृष्टीत कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोचला. चाऱ्यातले दोषी द्रव्य तिथे १९३९ मध्ये हाती लागले. त्यातूनच पुढे वॉरफेरिन निघाले. १९४८ मध्ये ते उंदीर मारायला बाजारात आले आणि १९५४ पासून माणसांचे औषध झाले.

आपल्याकडे ते कोणाला लागते? लहानपणी घसा धरतो, त्यातून संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाची झडप खराब होते. हा दाटीवाटीच्या, गरीब घरांचा आजार. १९९० मध्ये त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेने स्वदेशी झडप रुग्णाला बसवली आणि शस्त्रक्रिया थोडी आवाक्यात आली. पण यांत्रिक झडप बसली की वॉरफेरिन जन्मभर. मात्रा कमी पडली तर गुठळी होऊन लकवा, जास्त झाली तर रक्तस्राव.

मात्रा ठरवणारी चाचणी आर्मंड क्विक यांनी १९३५ मध्ये दिली. प्रत्येक प्रयोगशाळेचे सेकंद वेगळे येत, म्हणून १९८० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने 'आयएनआर' हे समान माप आणले. निरोगी माणसाचा आकडा एकच्या आसपास, झडपवाल्यांचा बहुधा दोन ते साडेतीनच्या दरम्यान ठेवतात. चाचणी नेमकी झाली, पण तिला शिरेतले रक्त, यंत्रे आणि तंत्रज्ञ लागू लागले. गोठ्यातून निघालेली विद्या शहरात जाऊन बसली.

आष्टीहून तळेगाव, आर्वी करत वर्धा आणि मग सेवाग्राम. गोळी स्वस्त, पण तपासणीला दिवसाची मजुरी बुडते, भाडे लागते, सोबत माणूस लागतो. मग फेरी चुकते. शिवाय आकडा ताटाबरोबर हलतो. श्रावणात पालेभाज्या वाढतात, रमजानमध्ये जेवणाच्या वेळा बदलतात. नेमकी तेव्हाच तपासणी हवी असते.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस हातात मावणारी यंत्रे आली. बोटाला टोचायचे, थेंब पट्टीवर ठेवायचा, एक-दोन मिनिटांत आकडा दिसतो. त्यांना मर्यादा आहेत. पट्ट्या महाग असतात. रक्त फार कमी असलेल्या बाईचा आकडा चुकू शकतो. फार मोठा आकडा आला तर शिरेतल्या रक्तावर खात्री करावी लागते. घोणस किंवा फुरसे चावल्यावर तर या यंत्रावर विसंबू नये. तिथे कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरपी करून पाहायची, ही जुनी रीतच कामाची. नळी, घड्याळ आणि धीर, एवढेच तिला लागते.

माझे म्हणणे इतकेच: तालुक्याच्या ठिकाणी एक यंत्र, पुरेशा पट्ट्या आणि आकडा ऐकून मात्रा सांगणारा डॉक्टर फोनवर असावा. झडपेवर लाखभर खर्च करून तपासणीअभावी माणूस गमावणे हा कोणता हिशेब?