बुलेट ट्रेन ताशी ३२०, बीडची रेल्वे ताशी ३० : वेगवान रेल्वे कुठं परवडते, कुठं नाही? वाचा सविस्तर

बीड : मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, १७ सप्टेंबर २०२५ ला, बीडच्या स्टेशनातून अहिल्यानगरकडं पहिली प्रवासी गाडी सुटली. जिल्ह्याच्या ठिकाणी रेल्वे यायला ३० वर्षं लागली. त्याच काळात मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचे खांब उभे राहत होते. त्यामुळं "आमच्याकडं साधी गाडी वेळेवर नाही अन् तिकडं बुलेट ट्रेन कशाला?" हा प्रश्न पारावर, हॉटेलात, एसटीत सगळीकडं ऐकू येतो. राग येणं साहजिक आहे. पण रागाच्या पुढं जाऊन आकडे मांडले तर चित्र जरा वेगळं दिसतं. म्हणून वेगवान रेल्वे नेमकी काय असते, ती कुठं परवडते आणि बीड जिल्ह्यानं त्यातून काय घ्यायचं, याची ही माहिती एका ठिकाणी.

एका नजरेत

मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेन
- लांबी : ५०८ किलोमीटर, त्यातले सुमारे १५६ किलोमीटर महाराष्ट्रात
- स्थानकं : १२ (महाराष्ट्रात मुंबई-बीकेसी, ठाणे, विरार, बोईसर)
- भूमिपूजन : १४ सप्टेंबर २०१७
- मूळ अंदाजित खर्च : १ लाख ८ हजार कोटी रुपये
- वेग : ताशी ३२० किलोमीटर

अहिल्यानगर–बीड–परळी रेल्वे
- लांबी : २६१ किलोमीटर
- मंजुरी : १९९५
- मूळ अंदाजित खर्च : ३५३ कोटी रुपये
- सुधारित खर्च : सुमारे ४ हजार ८०५ कोटी रुपये
- सुरू झालेला भाग : अहिल्यानगर ते बीड, सुमारे १६६ किलोमीटर

वेगवान रेल्वे म्हणजे काय?

नव्या रुळांवर ताशी २५० किलोमीटर किंवा त्याहून जास्त वेगानं धावणाऱ्या प्रवासी गाडीला जगभर वेगवान रेल्वे म्हणतात. आपली वंदे भारत १६० च्या आतच धावते, त्यामुळं ती यात बसत नाही.

बुलेट ट्रेन आपल्या नेहमीच्या रुळांवर चालू शकत नाही. भारतातल्या बहुतेक रेल्वेच्या दोन रुळांमधलं अंतर १,६७६ मिलिमीटर, तर बुलेट ट्रेनचं १,४३५ मिलिमीटर. म्हणजे सगळंच नवं लागतं : रूळ, पूल, बोगदे, सिग्नल, गाड्या, दुरुस्तीचे कारखाने. वळणं फार मोठी ठेवावी लागतात, रस्ता ओलांडायला फाटक चालत नाही. म्हणून मुंबई–अहमदाबादचा बराचसा मार्ग जमिनीवरून न नेता खांबांवरून नेलाय. बीकेसी ते शिळफाटा २१ किलोमीटरचा बोगदा आहे आणि त्यातला ७ किलोमीटरचा भाग ठाण्याच्या खाडीखालून जातो. खर्च वाढतो तो यामुळं.

आणखी एक गोष्ट. या रुळांवरून फक्त माणसं जातात. कांदा, साखर, खत, सिमेंट, कोळसा यातलं काही जात नाही.

ती परवडते कुठं?

पहिली बुलेट ट्रेन जपाननं १ ऑक्टोबर १९६४ ला टोकियो–ओसाका या ५१५ किलोमीटरच्या मार्गावर सुरू केली. फ्रान्सनं १९८१ मध्ये पॅरिस–लिऑन मार्ग सुरू केला. कमाईच्या बाबतीत जगात पहिल्यांदा याच दोन मार्गांची नावं घेतली जातात. दोन्हीकडं परिस्थिती सारखीच होती : दोन्ही टोकांना मोठी शहरं, मधलं अंतर चारपाचशे किलोमीटर, आणि जुन्या रेल्वेमार्गावर आधीच खच्चून गर्दी. गर्दी तयार होती, गाडीला फक्त ती वाहून न्यायची होती.

अंतराचंही एक गणित आहे. दीडशे-दोनशे किलोमीटरपर्यंत माणूस मोटारीनं किंवा बसनं जातो. आठशे-हजारच्या पुढं विमान सोपं पडतं. मधल्या टप्प्यात वेगवान रेल्वे दोघांनाही मागं टाकते, कारण ती शहरातून निघते आणि शहरातच उतरवते.

जिथं हे जुळलं नाही तिथं हात भाजले. तैवानची वेगवान रेल्वे २००७ ला खासगी पैशातून सुरू झाली. अपेक्षेइतके प्रवासी आले नाहीत, व्याजाचा बोजा वाढला आणि दोन वर्षांत सरकारला ताबा घ्यावा लागला. पुढं गाडी रुळावर आली, पण आधार सरकारचाच होता. स्पेननं युरोपातलं सगळ्यात मोठं जाळं उभं केलं, पण लांबीच्या मानानं तिथं प्रवासी कमी आहेत. आणि खुद्द जपानमध्ये बुलेट ट्रेन कमावत असताना गावाकडच्या रेल्वेमार्गांचा तोटा वाढत गेला. सरकारी रेल्वेचे १९८७ मध्ये तुकडे करून खासगीकरण करावं लागलं आणि ग्रामीण भागातले कित्येक मार्ग बंद झाले. मोठ्या शहरांतली गाडी फायद्यात आली म्हणजे गावाची गाडी आपोआप सुधारते असं नसतं, हे आपण लक्षात ठेवायला हवं.

मुंबई–अहमदाबादचा हिशेब

निकष लावले तर हा मार्ग देशातल्या चांगल्या मार्गांपैकी आहे. एका टोकाला मुंबई, दुसऱ्या टोकाला अहमदाबाद, मध्ये सुरत, भरूच, बडोदा ही उद्योगांची शहरं. जुना पश्चिम रेल्वेचा मार्ग भरलेला. वंदे भारतला हे अंतर कापायला साधारण साडेपाच तास लागतात. बुलेट ट्रेन मोजके थांबे घेतले तर २ तास ७ मिनिटांत आणि सगळे थांबे घेतले तर सुमारे ३ तासांत पोचणार आहे.

पैशाचं म्हणाल तर मूळ खर्चाच्या ८१ टक्के रक्कम जपाननं ०.१ टक्के व्याजानं, ५० वर्षांच्या मुदतीनं कर्ज म्हणून देण्याचं ठरलं. पहिली १५ वर्षं परतफेड नाही. असं कर्ज आपल्याला पीककर्जातही मिळत नाही. मात्र ते येनमध्ये फेडायचं आहे, त्यामुळं येन महागला तर हप्ताही महागतो. शिवाय काम लांबलं, महाराष्ट्रातली जमीन मिळायला उशीर झाला आणि खर्च मूळ अंदाजाच्या पुढं गेला.

अहमदाबादच्या आयआयएमनं केलेल्या एका अभ्यासात असं मांडलं होतं, की हा मार्ग आर्थिकदृष्ट्या परवडायचा असेल तर रोज ८८ हजार ते १ लाख १८ हजार प्रवासी आणि साधारण १०० फेऱ्या लागतील. आकडा मोठा आहे. मुंबईसारखं शहर टोकाला आहे म्हणून तो निदान विचारात तरी घेता येतो. मेट्रोमॅन म्हणून ओळखले जाणारे ई. श्रीधरन यांनी २०१८ मध्येच बुलेट ट्रेन ही वरच्या वर्गाची गाडी ठरेल, देशाला स्वच्छ, सुरक्षित आणि वेगवान साधी रेल्वे हवी, असं मत मांडलं होतं. ज्यांनी कोकण रेल्वे आणि दिल्ली मेट्रो उभी केली त्यांचं हे मत आहे, म्हणून ते सहज उडवून लावता येत नाही.

बीडच्या रेल्वेचा हिशेब

जिल्ह्यात रेल्वे आधी अजिबात नव्हती असं नाही. परळी वैजनाथ हे जुनं जंक्शन, घाटनांदूरलाही स्टेशन आहे. पण २०११ च्या जनगणनेनुसार २५ लाख ८५ हजार लोकसंख्येच्या या जिल्ह्यात मुख्यालयाला मात्र रूळ नव्हता.

१९९५ ला मंजुरी मिळाली, पण बजेटमध्ये दरवर्षी तुटपुंजी तरतूद व्हायची. दिवंगत नेते गोपीनाथ मुंडे यांनी हा विषय लावून धरला. राज्य सरकारनं निम्मा खर्च उचलायचं मान्य केल्यावर कामाला वेग आला. २३ सप्टेंबर २०२२ ला नगर–आष्टी हा ६६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि त्यानंतर तीन वर्षांनी गाडी बीडला आली. बीड ते परळी हा वडवणी, सिरसाळा भागातून जाणारा साधारण ९५ किलोमीटरचा टप्पा पूर्ण झाला, की नगर, दौंड, पुणे एका बाजूला आणि परळी, लातूर, हैदराबाद दुसऱ्या बाजूला असा सरळ मार्ग तयार होईल.

खर्च ३५३ कोटींवरून ४ हजार ८०५ कोटींवर गेला, म्हणजे साडेतेरा पट. शेतात विहीर अर्धी खोदून सोडली की दरवर्षी गाळ काढण्यातच पैसा जातो, पाणी काही लागत नाही. इथं तेच झालं. उशीर हाच या रेल्वेचा सगळ्यात मोठा खर्च ठरला.

तरीही सुधारित आकडा धरला तर किलोमीटरला साधारण साडेअठरा कोटी पडतात. बुलेट ट्रेनला मूळ अंदाज धरूनही किलोमीटरला २१२ कोटी. म्हणजे एका किलोमीटर बुलेट ट्रेनच्या पैशात बीडसारखी साडेअकरा किलोमीटर रेल्वे होते.

मिनिटं कुठं जास्त वाचतात?

आता मुद्द्याची गोष्ट. बीडची डेमू गाडी सुरू झाली तेव्हाच्या वेळा अशा होत्या : अहिल्यानगरहून सकाळी ६.५५ ला निघून बीडला दुपारी १२.३०, आणि बीडहून दुपारी १ ला निघून अहिल्यानगरला संध्याकाळी ६.३०. रविवारी सुट्टी. १६६ किलोमीटरला साडेपाच तास, म्हणजे सरासरी ताशी ३० किलोमीटर. एसटी रस्त्यानं त्याच्या आधी पोचते. नवा भराव पक्का बसेपर्यंत गाडी हळू चालवायची ही रेल्वेची नेहमीची रीत आहे, पण ती कायमची होता कामा नये.

समजा ही सरासरी ३० वरून ६० केली. ६० म्हणजे काही मोठा वेग नाही, अनेक साध्या एक्स्प्रेस गाड्या तेवढ्या सरासरीनं चालतात. तरी साडेपाच तासांचे पावणेतीन तास होतात. म्हणजे पावणेतीन तास वाचले. तिकडं मुंबई–अहमदाबादला ५०८ किलोमीटरचा नवा मार्ग बांधून, वंदे भारतच्या तुलनेत, सगळे थांबे घेणाऱ्या बुलेट ट्रेननं साधारण अडीच तास वाचणार आहेत आणि मोजके थांबे घेणारीनं सव्वातीन तास. दोन्हीकडं बचत जवळपास सारखीच.

वेगाचं गणितच असं आहे. खालचा वेग थोडा वाढवला तरी वेळ खूप वाचतो. वरचा वेग आणखी वाढवायला पैसा प्रचंड लागतो. अर्थात तिकडं प्रवासी कितीतरी पट जास्त असतील, हे मान्य करायलाच पाहिजे. पण इकडं रूळ टाकून झालेत, मोठा खर्च होऊन गेलाय. आता वाढवायचा आहे तो गाड्यांचा वेग आणि फेऱ्या.

वेळापत्रकाचंही तसंच. वरच्या वेळा पाहिल्या तर बीडचा माणूस नगरला संध्याकाळी पोचतो. दवाखाना असो की कचेरी, सगळं बंद झालेलं. मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी पहाटे परतीची गाडी धरा, काम तसंच राहिलं. नगरहून बीडला आलेल्याला परतीच्या गाडीपर्यंत अर्धा तास मिळतो. अशा गाडीला प्रवासी कमी मिळाले तर "बीडला रेल्वेची गरजच नव्हती" असा निष्कर्ष काढायला कुणी मोकळं. रिकामी गाडी आणि चुकीच्या वेळेची गाडी यातला फरक कागदावर दिसत नाही.

बुलेट ट्रेन रद्द केली तर पैसा बीडला मिळेल का?

सरळ उत्तर : नाही. जपानचं कर्ज त्याच कामासाठी आहे, ते वडवणीकडं वळवता येत नाही.

पण एक तुलना मात्र रास्त आहे. बुलेट ट्रेनच्या कंपनीत महाराष्ट्र सरकारचा वाटा ५ हजार कोटींचा ठरला. नगर–बीड–परळीत राज्याचा निम्मा वाटा सुमारे २ हजार ४०० कोटींचा. दोन्ही राज्याच्याच तिजोरीतले. म्हणजे बीडच्या रेल्वेसाठी पैसा नव्हता असं नाही, क्रम ठरवताना बीड मागं राहिलं.

पुढचे वेगवान मार्ग आणि बीड

२०२६-२७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सात नवे वेगवान मार्ग जाहीर झाले, त्यात मुंबई–पुणे आणि पुणे–हैदराबाद आहेत. याआधीच्या आराखड्यांत हैदराबादचा मार्ग पंढरपूर, सोलापूरकडून, तर मुंबई–नागपूरचा मार्ग छत्रपती संभाजीनगर, जालन्याकडून दाखवला होता. दोन्ही बीडला दोन बाजूंनी टाळून जातात. अशा गाडीची स्थानकं सरासरी ४५-५० किलोमीटरवर असतात. मधल्या गावांची जमीन जाते, गाडी थांबत नाही. आपली साधी गाडी मात्र आष्टी, कडा, अमळनेर, रायमोहा, राजुरी अशी थांबत येते. वेग आणि थांबे दोन्ही एकाच गाडीत मिळत नाहीत.

म्हणून वेगवान मार्ग झालेच तर बीडसाठी महत्त्वाचं काय, तर पुण्यात किंवा सोलापूरला उतरल्यावर पुढं यायला चांगली जोडगाडी आहे का.

मग जिल्ह्यानं मागायचं काय?

- सकाळी बीडहून सुटणारी आणि रात्रीपर्यंत परत आणणारी गाडी. नगरला दिवसा काम होऊन माणूस घरी यायला हवा.
- नगरला गाडी न बदलता थेट पुण्यापर्यंत जाणारी गाडी. जिल्ह्यातली पोरं शिकायला पुण्यात आणि कामाला चाकण, रांजणगावला आहेत.
- बीड–परळी टप्प्याला ठरलेली तारीख आणि दरवर्षी पुरेशी तरतूद.
- स्टेशनांवर मालधक्का. ७ ऑगस्ट २०२० ला देवळालीहून बिहारमधल्या दानापूरला देशातली पहिली किसान रेल्वे सुटली होती. आष्टी, कडा भागातल्या कांद्याला तशी सोय मिळाली तर या रुळांचा शेतकऱ्याला खरा उपयोग.
- स्टेशनला जोडणारी एसटी. पाटोदा, शिरूर, गेवराई, केजचा माणूस स्टेशनपर्यंतच पोचला नाही तर गाडी कितीही चांगली असो.

एक गोष्ट मात्र रेल्वेकडून लगेच अपेक्षू नये. ऊसतोड मजुराचा संसार बैलं, बैलगाडी, लेकरं, कोयत्यासकट कारखान्यावर जातो. तो डेमूच्या डब्यात मावत नाही. त्यांचं स्थलांतर थांबायचं तर इथंच काम लागेल, आणि काम यायला माल ने-आण करणारी रेल्वे लागेल.

मुंबई–अहमदाबादची बुलेट ट्रेन परवडते की नाही हे तिथली गर्दी ठरवेल. बीडच्या रेल्वेसाठी तेवढी वाट पाहायची गरज नाही. रूळ आलेत, आता वेळापत्रक बदलून घ्यायचं आहे, आणि ते अर्ज-निवेदनांनी, लोकप्रतिनिधींच्या मागं लागून होण्यासारखं काम आहे.