गंजलेल्या पत्र्याची कुळकथा

सह्याद्रीच्या माथ्यावर आंबोलीस वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो. त्याच ढगांचा उरलासुरला भार अंगावर घेणाऱ्या आजरा, चंदगड आणि गडहिंग्लज या तालुक्यांच्या मुलखात उघड्या लोखंडाचे आयुर्मान मृगापासून हस्तापर्यंतच्या नक्षत्रांच्या हाती असते. या टापूत ज्याने एखादी जुनी जीप, फियाट किंवा अँबॅसिडर जिव्हाळ्याने सांभाळली आहे, त्याला हे निराळे सांगावे लागत नाही. इंजिन कितीही थकले तरी पुन्हा बांधता येते, हे त्याला ठाऊक असते. परंतु पत्रा सडू लागला की त्याचा धीर खचतो आणि गाडी भंगारात घालण्याच्या गोष्टी घरात सुरू होतात. ही निराशा मला अकारण वाटते. सडका पत्रा कापून त्या जागी नवा सांधण्याचे कसब मोटारीहून कितीतरी जुन्या घराण्यातून आलेले आहे.

प्रथम शत्रूची ओळख करून घ्यावी. लोखंड, पाणी आणि प्राणवायू यांच्या संयोगातून होणारा गंज मूळ धातूच्या कित्येक पट जागा व्यापतो, आणि म्हणूनच रंगाखाली पुळी उठते. गंज बहुधा आतून बाहेर येत असल्यामुळे पुळी दृष्टीस पडते तेव्हा आतला पत्रा जवळजवळ संपलेला असतो. दाराचा तळ, दाराखालची पोकळ पेटी, चाकाची कमान, डिकीतील जादा चाकाचा खळगा, म्हणजे जेथे चिखल साठतो आणि वारा पोहोचत नाही, ती सारी त्याची वतने होत.

या कारागिरीचा आद्यपुरुष शोधू गेल्यास तो तांबटाच्या आळीत सापडतो. धातूवर हातोडा पडला की तो ताणतो, पातळ होतो आणि कठीण होतो, व भट्टीत तापवला की पुन्हा मऊ होतो, हे ज्ञान पुण्याच्या तांबट आळीतील मठारकाम करणाऱ्यांच्या मनगटात मोटार जन्मण्यापूर्वीपासून मुरलेले होते. दुसरे घराणे बग्ग्या आणि रथ बांधणाऱ्यांचे. आरंभीच्या मोटारींचा देह याच लोकांनी घडविला : लाकडाचा सांगाडा आणि त्यावर हाताने वळवून बसविलेला पत्रा. कोल्हापूर दरबारच्या सरंजामात राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत दाखल झालेली १९३६ सालची मायबाख गाडी, जी शाही दसऱ्याला आजही लोकांच्या दर्शनास बाहेर पडते, ती याच परंपरेतील. मायबाखचा कारखाना बहुधा चाके आणि इंजिन यांसह नुसता सांगाडाच देई. वरचा देह राफेन्सबुर्गच्या श्पोनसारखे रथकार चढवीत. अशा गाडीचा पत्रा बदलणे म्हणजे जे हाताने घडले तेच पुन्हा हाताने घडविणे.

दुसरीकडे यंत्रामुळे प्रसंग कठीण झाला. फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बड याने १९१४ च्या सुमारास डॉज बंधूंच्या गाड्यांसाठी संपूर्ण पोलादी देह साच्यात दाबून काढण्यास आरंभ केला, आणि १९३४ मध्ये फ्रान्सच्या सित्रोएनने खालची स्वतंत्र चौकटच काढून टाकून पत्र्याच्या देहालाच चौकटीचे काम दिले. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली फियाट, जी पुढे पद्मिनी झाली, ती या दुसऱ्या वंशातील. तिच्या दाराखालची पेटी सडली तर केवळ रूप बिघडत नाही, गाडीचा कणाच दुबळा होतो. जीपचे तसे नाही. तिची चौकट निराळी आणि पत्रे बहुतांशी सपाट, त्यामुळे तालुक्याच्या गावी वाकविण्याच्या साध्या यंत्रावरही तिचा पत्रा वळविता येतो. आपल्या डोंगरी मुलखात ती इतकी टिकली याचे हे एक कारण मी मानतो.

यंत्राने एका दाबात काढलेला बाक हाताने जोडण्याचे बळ कारागिराला ज्वालेने दिले. ऑक्सिजन व ॲसिटिलीन यांची, तीन हजार अंश सेल्सिअसहून अधिक तापणारी बत्ती फ्रान्समध्ये १९०३ च्या सुमारास फूशे आणि पिकार यांनी कामास येईल अशी केली, आणि तिच्या साह्याने पातळ पत्रा पत्र्याला एकजीव होऊ लागला. हे काम जवळून पाहण्याजोगे आहे. जाणता मिस्त्री गंजाच्या कडेला कापत नाही. पत्रा घासून पांढरा दिसेल तेथपर्यंत मागे सरकतो. मग पुठ्ठ्याचा फर्मा काढून वीस गेजचा तुकडा कापतो, बाक जुळवतो, आणि एक टाका या टोकाला तर दुसरा त्या टोकाला असे अंतराअंतराने टाके मारतो, कारण सलग ज्वाला धरली की पत्रा तापून वेडावाकडा होतो. एवढे करूनही कोठे फुगवटा राहिलाच, तर रुपयाएवढी जागा लालबुंद करून, मागे डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, धरून भोवती हलके ठोके देतो आणि लगेच ओले फडके दाबतो. थंड होताना पत्रा आक्रसतो आणि फुगवटा बसतो. तांबट ज्या विद्येने भांडे मोठे करी, तीच येथे उलटी चालविलेली असते.

या घराण्याला कमीपणा आणला तो लांबीने, म्हणजे रंगाआधी भरायच्या पुट्टीने. पातळ थर देऊन हातोड्याचे व्रण मिटविणे हे लांबीचे उचित कार्य. परंतु भोक बुजवून वरून रंग फासला की ओल मागल्या बाजूने येतच राहते आणि दोनतीन पावसाळ्यांत सारे खपलीसारखे गळून पडते. ही दुरुस्ती नव्हे, मालकाची फसवणूक आहे, मोबदला कितीही कमी घेतला असला तरी. तयार पत्रा आणून बसवावा म्हटले, तर पद्मिनीचे उत्पादन केव्हाच थांबले, आणि मुंबईतील तिच्या शेवटच्या टॅक्सीची वीस वर्षांची मुदतही ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. तेव्हा अशा गाडीचे भवितव्य मठारणाऱ्या हातावरच आहे, आणि त्या हाताला त्याच्या वेळेचे पूर्ण दाम देणे हे मालकाचे कर्तव्य आहे.

ज्यांच्या दारी अशी गाडी आहे त्यांना एकच विनंती : मृग लागण्यापूर्वी दारांच्या तळाशी असलेली निचऱ्याची छिद्रे तारेने मोकळी करावीत, चाकांच्या कमानींतला चिखल धुऊन काढावा, आणि जेथे पुळी दिसेल तेथे रंगाऐवजी मिस्त्रीला बोलवावे.