डिझेलमध्ये पाणी किंवा भेसळ असेल तर इंजिनाचं नेमकं काय होतं?

गाडी झटके देतेय, मायलेज घटलंय, मागून काळा धूर येतोय? दोष दरवेळी इंजिनाचाच असतो असं नाही. टाकीतलं डिझेलही त्याला कारण असू शकतं.

गंधक: धुरातलं आम्ल

कच्च्या तेलात गंधक मुळातच असतं. रिफायनरीत हायड्रोजन वापरून ते काढलं जातं. जे उरतं, ते इंजिनात जळून सल्फर डायऑक्साइड आणि सल्फेटचे सूक्ष्म कण तयार होतात. पाण्याच्या वाफेशी मिळून आम्लही बनतं आणि धातू झिजतो.

बीएस-३ डिझेलमध्ये दर दहा लाख भागांत ३५० भाग गंधक चालायचं. बीएस-४ मध्ये ही मर्यादा ५० वर आली. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं आणि ती फक्त १० झाली.

इतकी कडक मर्यादा का? बीएस-६ गाड्यांच्या सायलेन्सरच्या मार्गात धूर स्वच्छ करणारी यंत्रणा असते. गंधक तिच्यातल्या प्लॅटिनमसारख्या धातूंवर थर धरतं आणि त्यांचं काम मंदावतं. मग काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजेच डीपीएफ, लवकर चोंदतो.

पाणी आणि कचरा

टाकी बराच काळ अर्धी रिकामी राहिली, तर आतल्या हवेतली वाफ थंड होऊन पाणी होतं. ते डिझेलपेक्षा जड असल्यानं तळाशी साठतं. त्यातून गंज चढतो, जिवाणू आणि बुरशी वाढून चिकट गाळ होतो.

आजच्या कॉमन रेल इंजिनात डिझेल हजार बारपेक्षा जास्त दाबानं अतिशय बारीक छिद्रांतून फवारलं जातं. कचऱ्यानं फवारा बिघडला की डिझेल नीट जळत नाही. परिणामी ताकद कमी, काजळी जास्त.

रॉकेलची भेसळ

डिझेल पंप आणि इंजेक्टरला वंगण मिळतं ते डिझेलमधूनच. रॉकेल पातळ असतं, त्यामुळे हे भाग घासले जातात.

या धंद्यामागचं कारण होतं स्वस्त, अनुदानित रॉकेल. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ भेसळीचा प्रकार उघड करणारे अतिरिक्त जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आलं होतं.

प्रश्न फक्त गाडीचा नाही

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला कर्करोगकारक ठरवलं. हा धूर गाडीवाल्याच्याच नाही, रस्त्यावरच्या माणसाच्याही छातीत जातो.

तुम्ही काय करू शकता?

- पंपावर डिझेलची घनता तपासून मागा. ग्राहक म्हणून तो तुमचा हक्क आहे.
- घनता पंपाच्या नोंदीपेक्षा घनमीटरमागे ३ किलोहून जास्त वेगळी आली, तर तक्रार करा.
- बिल जपून ठेवा. तक्रारीच्या वेळी तोच पुरावा असतो.
- डिझेल फिल्टर वेळेवर बदला आणि त्यात साठलेलं पाणी काढून घ्या.
- पाण्याचा इशारा देणारा दिवा लागला, तर गाडी तशीच दामटू नका. फिल्टर स्वस्तात बदलता येतो, इंजेक्टर नाही.