टेट्रा आणि गोंडवन : काही नावांचा इतिहास

नागपुरातील शोभेच्या माशांच्या कोणत्याही दुकानात गेले, तर काचेच्या टाक्यांत जे लहान, चपळ, थव्याने फिरणारे मासे दिसतात, त्यांतील अनेकांच्या नावाचा शेवट एकाच शब्दाने होतो : टेट्रा. निऑन टेट्रा, कार्डिनल टेट्रा, ब्लॅक टेट्रा, सरपे टेट्रा, लेमन टेट्रा, काँगो टेट्रा. दुकानदार हा शब्द इतक्या सहजतेने उच्चारतो, की तो परका आहे हे गिऱ्हाइकाच्या ध्यानीही येत नाही. साहित्याच्या अभ्यासकाने या टाकीपाशी थांबावे ते माशांच्या रंगासाठी नव्हे, तर या नावासाठी, असे आम्हांस वाटते. कारण नावाचा माग काढत गेले की तो ॲमेझॉनच्या खोऱ्यातून निघून पुन्हा विदर्भाच्याच मातीत येऊन पोचतो. आणि तेथे आपल्यापुढे एक प्रश्न उभा करतो, ज्याचे उत्तर मत्स्यशास्त्रापेक्षा भाषेच्या अभ्यासकांनी देणे अधिक उचित ठरेल.

प्रथम शब्दच पाहू. ‘टेट्रा’ हे ‘टेट्रागोनॉप्टेरस’ या प्रजातिनामाचे कापलेले रूप आहे. हे नाव क्यूव्हिए या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १८१६ साली रूढ केले. त्यात तीन ग्रीक घटक आहेत : टेट्रा म्हणजे चार, गोनिया म्हणजे कोन आणि प्टेरॉन म्हणजे पंख. चौकोनी पराचा मासा, एवढाच त्याचा अर्थ. तुलनात्मक भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास येथे एक गंमत दिसेल. टेट्रा हा संस्कृत ‘चतुर्’चा सगोत्र, गोनिया हा ‘जानु’चा, आणि प्टेरॉन हा ‘पत्र’ शब्दाचा. म्हणजे दुकानदाराच्या तोंडचा तो परका शब्द आपल्याच भाषाकुळातील एक दूरचा नातेवाईक आहे. पुढे या प्रजातीतील बहुतेक मासे शास्त्रज्ञांनी इतरत्र हलविले, परंतु हौशी लोकांनी नावाचा पहिला तुकडा सोडला नाही. शास्त्र पुढे गेले, बोली मागे राहिली, आणि बोलीच टिकली. शब्दांच्या इतिहासात असे वारंवार घडते.

या कुळातील सर्वांत प्रसिद्ध मासा म्हणजे निऑन टेट्रा. अंगावर निळी झगझगीत रेघ, तिच्याखाली शेपटीकडे तांबडा पट्टा. ऑगस्ट राबो या फ्रेंच माणसास तो १९३४ साली ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यात आढळला. मासे आधी युरोपात आले, मग अमेरिकेत. १९३६ साली त्यांपैकी काही हिंडेनबर्ग या प्रसिद्ध विमाननौकेतून अटलांटिक ओलांडून गेले. त्याच वर्षी जॉर्ज मायर्स यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि जातिनाम दिले ‘इनेसी’. हे इनेस कोणी शास्त्रज्ञ नव्हते. फिलाडेल्फियात ‘द ॲक्वेरियम’ नावाचे मासिक चालविणारे ते संपादक व मुद्रक होते. संपादकाचे नाव एका माशास मिळावे, ही घटना नियतकालिकांच्या इतिहासात नोंदविण्याजोगी आहे.

वीस वर्षांनी कार्डिनल टेट्राच्या बाबतीत नियतकालिकांची स्पर्धाच लागली. एकाच माशाचे दोन निरनिराळे नामकरण फेब्रुवारी १९५६ मध्ये एका दिवसाच्या अंतराने छापले गेले. लेनर्ड शुल्ट्झ यांचे ‘ॲक्सेलरोडी’ २० तारखेस, तर मायर्स व वाइट्झमन यांचे ‘कार्डिनालिस’ २१ तारखेस. पहिले हौशी लोकांच्या मासिकात आले होते, आणि ज्या हर्बर्ट ॲक्सेलरोड यांचे नाव माशास मिळाले, तेच त्या मासिकाचे प्रकाशक होते. दुसरे विद्यापीठाच्या शास्त्रीय पत्रिकेत होते. वाद प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय आयोगापुढे गेला, आणि निर्णय एक दिवस आधीच्या नावाच्या बाजूने लागला. हस्तलिखितांच्या कालनिश्चितीवरून वाद घालणाऱ्या आपल्या संशोधकांना ही कथा अपरिचित वाटणार नाही.

इतर प्रकारांबद्दल थोडक्यात सांगू. ब्लॅक टेट्राचे वर्णन बूलेंजर यांनी १८९५ साली केले. त्याच्या मागच्या अंगाचा काळा पर घागऱ्यासारखा दिसतो. मेक्सिकोतील गुहांतला आंधळा टेट्रा १९३६ साली शास्त्रास ठाऊक झाला. त्यास डोळे नसतात, रंग नसतो, तरी पाण्याच्या हालचालीवरून तो वाट काढतो. काँगो टेट्रा आफ्रिकेचा. हे सारे एकाच नावाखाली विकले जात असले तरी एका कुळाचे नाहीत. आफ्रिकेतल्यांचे कुळ केव्हाच वेगळे मानले गेले होते. २०२४ साली जनुकांच्या आधारे अमेरिकेतल्यांचीही फेरमांडणी झाली आणि निऑनसकट बहुतेक परिचित टेट्रा ‘कॅरॅसिडी’ या जुन्या कुळातून बाहेर काढण्यात आले.

आता मुख्य मुद्दा. या माशांचा गण दक्षिण अमेरिकेत आहे, काही मध्य व उत्तर अमेरिकेच्या दक्षिण भागात आहे, आणि आफ्रिकेत आहे. भारतात एकही नाही. गोड्या पाण्यातला मासा अटलांटिक महासागर पोहून जाऊ शकत नाही. मग दोन्ही किनाऱ्यांवर भाऊबंद कसे? यावर नेहमी दिले जाणारे उत्तर म्हणजे गोंडवन. दक्षिणेकडचे खंड एके काळी जोडलेले होते. आफ्रिका व दक्षिण अमेरिका सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी पूर्णतः विलग झाले, आणि भारताचा तुकडा त्याच्या बराच आधी आफ्रिकेपासून सुटला होता. या उत्तराच्या तपशिलावर मत्स्यशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. या गणाचे सारे सभासद खरोखर एकाच पूर्वजाचे वंशज आहेत काय, यावरही आहेत. पण वाद ज्या शब्दाच्या आधाराने चालतो, तो शब्द आपल्या दाराशी जन्मला आहे.

भारतीय भूशास्त्र सर्वेक्षणातील एच. बी. मेडलिकॉट यांनी १८७२ साली मध्य भारतातील खडकांच्या एका मालिकेस ‘गोंडवाना’ हे नाव सुचविले. १८७६ साली फाइस्टमँटेल यांच्या लेखनातून ते छापले गेले. आणि १८८५ साली ऑस्ट्रियाच्या एडुआर्ड झ्यूस यांनी त्या लुप्त महाखंडास ‘गोंडवानालँड’ म्हटले. गोंडांचा हा प्रदेश. ज्या देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहाने, १७०२ च्या सुमारास नागपूर वसविले, त्याच्याच समाजाचे नाव आज जगभरच्या भूगोलाच्या पुस्तकांत आहे. म्हणून नागपुरातील टाकीत फिरणारा टेट्रा हा, एका परीने, नावापुरता का होईना, गोंडवनात परतलेला गोंडवनीय आहे. फरक एवढाच, की तो महाखंडाच्या पाठीवर बसून आला नाही. प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतून आला.

विदर्भाचे स्वतःचे प्राचीन मासे मात्र दगडात होते. १८४५ साली नागपुरास आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी टाकळीच्या परिसरात व इतरत्र जीवाश्म गोळा केले. गोंडांच्या कथा व गीतेही त्यांनीच टिपून ठेवली. १८६३ साली शिळावर्तुळांचे उत्खनन पाहून परतताना ते ओढ्याच्या पुरात बुडाले, आणि त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली प्रसिद्ध केले. पुढे १९०८ साली आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळच्या डोंगरगावच्या थरांतील माशांचे वर्णन केले, तेव्हा एका जातीस ‘हिस्लोपी’ हे नाव दिले. तेथेच ‘गार’ या माशाचे अवशेषही मिळाले, ज्याचे आजचे वंशज केवळ उत्तर व मध्य अमेरिकेत आणि क्यूबात आहेत. खडक व लोकगीत, दोन्ही एकाच वहीत टिपणारा हिस्लॉपसारखा माणूस आज आपल्या विद्यापीठांत कोणत्या विभागात बसेल, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

नामकरणाची आणखी एक रीत होती, आणि ती आमच्या मते अधिक महत्त्वाची. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या माशांवरील १८२२ च्या ग्रंथात कोळ्यांच्या तोंडचे शब्द लॅटिन करून घेतले. रोहू, कटला, मृगल ही नावे तशीच शास्त्रात गेली. दख्खनमध्ये कर्नल साइक्स यांनी १८३९ साली हेच केले. ‘खुद्री’, ‘कोलस’, ‘नुक्ता’ ही त्यांनी दिलेली जातिनामे भीमेच्या खोऱ्यातील बोलीचा वास अंगावर घेऊन आजही शास्त्रीय सूचीत आहेत. इनेस आणि ॲक्सेलरोड यांच्या नावाचे मासे मिरविणाऱ्या जगात, भोई-कोळ्यांचा शब्द जसाच्या तसा टिकलेला असावा, ही लहान गोष्ट नव्हे.

याही मागे जाता येते. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराचा ‘मानसोल्लास’ मराठीच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असतो तो कांडताना गायिल्या जाणाऱ्या ओवीच्या उल्लेखामुळे. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे; त्यात माशांचे प्रकार, त्यांची वसतिस्थाने, त्यांना घालावयाचे खाद्य आणि गळ टाकण्याची रीत सांगितली आहे. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञाने १९५१ साली त्या प्रकरणाचा शास्त्रीय परामर्श घेतला. हेच होरा नागपूरच्या उत्तरेस पसरलेल्या सातपुड्याकडे माशांचा प्राचीन सेतू म्हणून पाहत होते. त्यांचा तो ‘सातपुडा सिद्धांत’ पुढे पुष्कळ वादग्रस्त ठरला. ओवीसाठी आपण जे पुस्तक उघडतो, त्याच पुस्तकातील माशांचे पान शास्त्रज्ञाने वाचावे आणि आपण उलटून टाकावे, हे काही बरे नाही.

आता वर्तमान. पूर्व विदर्भात, भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत, गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने खोदलेले तलाव आहेत. जमीनदारी संपुष्टात आल्यावर, १९५१ पासून, ते शासनाकडे गेले आणि ‘माजी मालगुजारी तलाव’ या सरकारी नावाने ओळखले जाऊ लागले. ढिवर समाज पिढ्यान्‌पिढ्या त्यांत मासेमारी व शिंगाड्याची शेती करीत आला. रसेल व रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात याची नोंद आहे. पुढे मत्स्यव्यवसायाच्या धोरणात कटला, रोहू, मृगल यांचे बीज सोडण्यावर भर आला. उत्पादनाच्या दृष्टीने ते चुकीचे म्हणवत नाही. पण ज्या लहान माशांना बाजारभाव नव्हता, ते मागे पडले. आणि मासा जाळ्यात येईनासा झाला की त्याचे नाव तोंडात येईनासे होते. मोल्सवर्थचा कोश सिद्ध झाला तेव्हा नागपूर भोसल्यांचे होते आणि वऱ्हाड निजामाचे. मुंबई इलाख्याबाहेरच्या या पाण्यांतील शब्द त्या कोशात कितीसे येणार? झाडीबोलीचा शब्दसंग्रह करण्याचे काम डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी फार उशिरा, पण निष्ठेने केले.

नवेगावबांधच्या तलावाकाठी राहून मारुती चितमपल्लींनी जे केले, ते याच कारणासाठी साहित्य होते. पक्ष्यांची, झाडांची, प्राण्यांची नावे त्यांनी रानातल्या माणसांकडून घेतली, ‘पक्षिकोश’ सिद्ध केला, आणि २००६ च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले तेव्हा मराठीने ही नावे म्हणजे वाङ्मय आहे हे एकप्रकारे मान्यच केले. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. त्यांनी चालविलेले काम मात्र एका माणसाच्या आयुष्यात संपणारे नव्हते.

टेट्राची हौस वाईट, असे आम्ही म्हणत नाही. रिओ नेग्रोच्या काठी बार्सेलोसच्या परिसरात कार्डिनल टेट्रा धरून विकणे हे शेकडो कुटुंबांचे जीवन आहे, आणि मासा विकला जातो म्हणून तेथील माणसे जंगल राखतात, असे त्या व्यवहाराचे अभ्यासक सांगतात. तेथे लहान, शोभिवंत माशांना ‘पियाबा’ हा स्थानिक शब्द आहे, आणि १९८९ पासून चाललेल्या संवर्धन-प्रकल्पाने तोच शब्द नाव म्हणून घेतला. ही गोष्ट आपण शिकण्याजोगी आहे. उलट, आपल्या बाजारात पांढऱ्या वाणाच्या ब्लॅक टेट्रास कृत्रिम गुलाबी-निळा रंग चढवून विकले जाते, तेव्हा त्या माशाचे स्वतःचे नाव व रूप दोन्ही पुसले जाते. आणि थंड, मऊ, आम्लधर्मी पाण्याची सवय असलेला निऑन नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर असताना, टाकीवर पंखा लावून जगविला जातो. त्याच वेळी झाडीपट्टीच्या उथळ तलावांत, आटत्या पाण्याच्या चिखलात तग धरणारा मरळ आपल्या नावानिशी उभा असतो, कोणाच्या पंख्यावाचून.

नागपुरात मत्स्यविज्ञानाचे महाविद्यालय आहे, पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे, आणि मराठीचे विभागही आहेत. यांतील पहिल्या दोघांजवळ मासे मोजण्याची साधने आहेत. तिसऱ्यांजवळ शब्द ऐकण्याची. एम. ए.च्या विद्यार्थ्यांनी लघुप्रबंधासाठी आणखी एका कादंबरीतील स्त्रीचित्रण निवडण्याऐवजी एका तलावावरच्या ढिवरांकडून माशांची, जाळ्यांची, पाण्याच्या अवस्थांची नावे टिपली, प्रत्येक नावापुढे मत्स्यशास्त्राच्या विद्यार्थ्याकडून शास्त्रीय जाती नोंदवून घेतली, तर दहा वर्षांत एक कोश उभा राहील. निऑन टेट्राचे चरित्र १९३४ पासून वर्षवार सांगता येते. ज्यांच्या भूमीने महाखंडास नाव दिले, त्यांच्या तलावातील बोटभर माशाचे नाव सांगणारी माणसे आज वृद्ध आहेत. आणि त्यांना विचारण्याचा काळ हाच आहे.