वडापची जीप का उलटते?

सोलापूर जिल्ह्यात 'वडाप' म्हटले की अजूनही जीपच डोळ्यांसमोर येते. आत कोंबून बसलेली माणसे, टपावर गाठोडी, मागच्या पायरीवर लोंबकळणारे दोघे. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर या तिन्ही वाटांवर भाविकांना तिचाच आधार होता. पण ही गाडी त्या कामासाठी जन्मलीच नव्हती.

दुसऱ्या महायुद्धात, 1941 पासून, विलिस कंपनीने ती अमेरिकी सैन्यासाठी घडवली. डाव्या-उजव्या चाकांत अंतर जेमतेम 4 फूट आणि दगडधोंडे ओलांडता यावेत म्हणून पोट जमिनीपासून उंच. रणांगणावर हेच गुण होते. 1947 मध्ये महिंद्रांनी मुंबईत तिची जुळणी सुरू केली. (कंपनीचे मूळ नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद', त्यातले मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले!)

उलटण्याचे गणित सोपे आहे. चाकांमधील अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागा. साध्या मोटारीत उत्तर 1.3 ते 1.5 येते. समजा जीपचा गुरुत्वमध्य 2 फुटांवर आहे, उत्तर 1. आता बाराशे किलोंच्या त्या गाडीच्या टपावर दोनच माणसे बसवा. मध्य अडीच फुटांच्या आसपास चढतो आणि उत्तर 0.8 वर येते. कोरड्या डांबरावर टायरची पकडही साधारण तेवढीच असते. म्हणजे वळणावर गाडी घसरायच्या आधी आडवी होऊ शकते.

प्रत्यक्षात बहुतेक गाड्या सपाट डांबरावर उलटत नाहीत. चाक कशाला तरी अडते तेव्हा उलटतात. आपल्याकडची साईडपट्टी काळ्या मातीची. पावसाळ्यात चाक तिच्यात रुतते आणि चालक घाबरून स्टिअरिंग झटक्याने फिरवतो.

ट्रकची गोष्ट थोडी निराळी. जुने ट्रक बहुधा नुसत्या चासीच्या रूपात विकले जात. हौदा स्थानिक कारागीर बांधत. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2005 मध्ये जादा भाराविरुद्ध कडक आदेश दिले. पण ज्वारीच्या या मुलखात कडब्याची गाडी पाहा: वजनकाट्यावर हलकी, उंचीने मात्र दुमजली घर.

अमेरिकेत हा प्रश्न डिसेंबर 1980 मध्ये गाजला. 'सिक्स्टी मिनिट्स' या कार्यक्रमाने सीजे-5 जीप उलटण्याच्या चाचण्या दाखवल्या; त्या चाचण्यांच्या पद्धतीवर वादही झाला. वरचेच गुणोत्तर वापरून तिथल्या सरकारने 2001 पासून गाड्यांना तारांकित श्रेणी दिली. पुढे घसरणारी गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सक्तीची झाली.

पाट्यांवर हिंदकळणाऱ्या जुन्या जीपला यातले काहीच लाभलेले नाही. तिचा टप रिकामा ठेवावा, जड सामान तळाशी घ्यावे आणि चाक साईडपट्टीवर उतरलेच, तर आधी वेग उतरू द्यावा, मगच हळूहळू डांबरावर यावे.